अंगठ्यात जोर नव्हता

आई गेली त्या आठवड्यात तिच्या उशाशी बसले असताना हे एकदा ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिनं पाणी मागितलं. मी पाणी आणायला उठले आणि ते तसंच राहिलं. त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. मी भित्री बाई आहे — हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्याकडून भलती अपेक्षा धरणार नाही.

मी डॉक्टर आहे. नळदुर्गात, हायवेपासून जरा आत माझा लहानसा दवाखाना आहे. येणाऱ्यांत कंबरेचे पेशंटच जास्त — ट्रकवाले, ढाब्यावर दिवसभर तंदूरपुढं वाकणारे, शेतात राबणाऱ्या बायका. लोक एकमेकांना सांगतात, बाईंना कंबरेतलं लई कळतं. कळतं, हे खोटं नाही. कळत नसतं तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

कुणीही टेबलावर झोपलं की मी आधी त्याच्या पायाचा अंगठा धरते. म्हणते, अंगठा आपल्या नाकाकडे वर ओढा, आणि मी खाली दाबेन तेव्हा दाबू देऊ नका. चांगल्या माणसाचा अंगठा हटून बसतो, दोन बोटांनी दाबून खाली जात नाही. पण कंबरेतली शीर मणक्याखाली चेंगरली असेल तर अंगठ्यातला जोर जातो आणि तो मुकाट खाली येतो. कंबरेचं सोंग कुणालाही आणता येतं. वाकताना ‘आई गं’ म्हणायला शिकावं लागत नाही. अंगठ्याची गोष्ट मात्र सोंग आणणाऱ्याला ठाऊकच नसते.

मला ठाऊक होती. हे ध्यानात ठेवा. मी पुढं कितीही आडवळणं घेतली तरी हे विसरू नका.

तेव्हा मी इथून तासाभराच्या अंतरावरच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात नोकरीला होते. कारखान्याचं नाव घेत नाही, दोष त्याचा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की गोदामातले कामगार कंबर धरून येत. साखरेची पोती पाठीवर घ्यायची आणि छतापर्यंत थप्पी लावायची, हे त्यांचं काम. आणि माझं काम काय? तर ह्या माणसाची कंबर त्याला किती काम करू देईल, ते ठरवायचं. पोती उचलू शकतो, की गेटवर बसवायचा, की घरी पाठवायचा. मी लिहीन ते कारखाना ऐकायचा.

हे ठरवणं फार अवघड असतं हो. ताप मोजता येतो. कंबर कशानं मोजणार? एक्सरेत मणके पार झिजलेला माणूस खुशाल पोती उचलत असतो, आणि एक्सरे स्वच्छ असलेल्याला चपलेचा बंद लावता येत नाही. मग उरतात डॉक्टरचे डोळे आणि हात. मला माझ्या हातांचा गर्व होता. गप्पा मारता मारता, तळपाय बघते म्हणून स्टुलावर बसल्या बसल्या पाय सरळ करायला लावायचा — झोपून पाय उचलताना ओरडणारा माणूस इथं हूं की चूं करत नसेल तर चोर सापडला. असे बरेच पकडले मी.

पण एकदा फसले. अंकुश नावाचा पोरगेला कामगार होता. त्याला मी हलकं काम लिहून दिलं आणि त्याच आठवड्यात तो कुणाच्या तरी वरातीत हलगीच्या तालावर, एका मित्राला खांद्यावर घेऊन नाचला. आमच्या कामगार अधिकाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ मिळवला आणि कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवला. “मॅडमचं औषध बघा,” म्हणाले, “कंबर सुटली की माणूस थेट वरातीत.” सगळे हसले. मीही हसले. हसताना कान तापले होते. त्या दिवसापासून कंबरेवर हात ठेवून कुणी दारात उभा राहिला की मला आधी त्या कँटीनचा आवाज ऐकू यायचा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थट्टेचं काय घेऊन बसलात? खरंय. एवढ्याशाच थट्टेचं.

मग लिंबराज आला.

जळकोटचा. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, हाडापेरानं मोठा माणूस. गोदामात सगळ्यांत वरची थप्पी तोच लावायचा, त्याला कधी दवाखान्यात बघितलंच नव्हतं. दारात आला तो एका अंगाला कलून. दुखतं म्हणून तक्रारही धड करेना. नुसतं म्हणाला, “चप्पल निसटती बाई. चालता चालता उजव्या पायातनं मागंच राहती, कळत सुदिक न्हाय.”

मी त्याला झोपवलं आणि अंगठा दाबला. डावा हटून बसला. उजवा — मी एका बोटानं दाबला आणि तो खाली आला. पुन्हा दाबला. पुन्हा आला.

असा अंगठा बघितला की काय करायचं असतं? वजन बंद, आणि लगेच सोलापूरला पाठवायचं, मोठी तपासणी करायची. मी त्याला तेव्हाच चिठ्ठी द्यायला हवी होती. पण हंगाम ऐन भरात होता, गोदामात माणसं कमी, आणि अधिकारी प्रत्येक चिठ्ठीवर तोंड वाकडं करत होते. म्हटलं, गुरुवारी परत बघू, तोवर रजेवर राहा. तेवढ्यात काय होणार होतं? काही झालंही नसतं.

त्या मंगळवारी मी तुळजापूरला गेले. माझं माहेर तिथलं, वडील शाळामास्तर होते. शाकंभरी नवरात्र चालू होतं, आईला देवीची ओटी भरायची होती. देवळात ही गर्दी. आईचा हात धरून मी सरकत होते तर बाजूनं हाक आली — आमचे कामगार अधिकारी, बायकोमुलांसकट. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून हसले आणि नुसती हनुवटी हलवून म्हणाले, “मॅडम, तो बघा तुमचा कंबरवाला.”

मी बघितलं. माणसांच्या खांद्यांमधून जेवढं दिसलं तेवढं. फरशीवर ओल्या धोतरानं लिंबराज पालथा पडला होता, हात पुढं जोडलेले. नवसाचं दंडवत. तुम्हाला माहीत असेल — देवळातल्या कल्लोळ तीर्थात अंघोळ करायची, ओल्या अंगानं जमिनीवर सरळ पडायचं, जिथं बोटं पोचली तिथं खूण करायची. उठायचं, खुणेवर उभं राहायचं, आणि परत पडायचं. पार देवीच्या दारापर्यंत. मध्ये माणसांचा लोंढा आला. तो पुढं गेला तेव्हा लिंबराज उभा होता.

पडलेला बघितला, उभा बघितला. मधलं बघितलं नाही. मधलं मी माझ्या मनानं भरून घेतलं.

“पोतं उचलवत नाही, पण लोटांगणाला कंबर चालते,” अधिकारी म्हणाले. मी हसले. आईनं विचारलं, कोण गं तो? मी म्हटलं, आहे एक नाटकी.

गुरुवारी तो ठरल्यासारखा आला. पहिल्यापेक्षा जास्त कललेला. मी तोंड न उचलता विचारलं, तुळजापूरला दंडवत घातलं का? त्याचा चेहरा उजळला. “व्हय बाई, घातलं की,” म्हणाला. “पण बाई, शालननं —” मी हात वर केला. मला नवसाच्या गोष्टी ऐकायच्या नव्हत्या. म्हटलं, झोपा.

मी पुन्हा अंगठा धरला.

आता इथं मी बरीच वर्षं अडखळत आले आहे. इथं मी स्वतःला एक गोष्ट सांगत असे — की मला तो ढोंगी वाटला. देवळात डोळ्यांनी बघितलं होतं, कुणालाही वाटलं असतं. डॉक्टरही माणूसच, डॉक्टरचीही चूक होते. ही गोष्ट इतक्या वेळा घोकली की ती पाठ झाली. चूक! किती सोयीचा शब्द आहे.

पण चूक नव्हती ती. अंगठ्यात जोरच उरला नव्हता. मी दाबायच्या आधीच तो खाली होता. मी त्याला वर ओढायला सांगितलं तर लिंबराजनं दात आवळले, मांडी हलली, कपाळाला घाम आला, आणि अंगठा जागचा हलला नाही. माझ्या हातांना कळलं. मला त्या क्षणी लख्ख ठाऊक होतं की हा माणूस खरा आहे आणि त्याच्या पाठीवर आता एक पोतंही देता कामा नये. मी त्याला ढोंगी समजलेच नाही. एक क्षणभरही नाही.

आणि तरीही मी लिहिलं — कामास योग्य.

का? कारण मी हलकं काम लिहिलं असतं तर कँटीनमध्ये पुन्हा हसले असते. बस. एवढंच. दुसरं काही शोधायला गेले तर सापडत नाही. मी एका माणसाचा पाय हातात धरला होता आणि मनात दुसऱ्या माणसाचं हसू होतं. लिंबराजनं कागद घेतला, वाचला नाही, कपाळाला लावला. “तुमी बघितलंय म्हंजी बरूबर आसंल,” म्हणाला. आणि चप्पल ओढत गोदामाकडे गेला.

पुढच्याच आठवड्यात त्याला माझ्या दवाखान्यात उचलून आणलं. पोतं पाठीवर घेऊन थप्पी चढताना पाय एकदम गेले होते. दोन्ही. त्याला दुखत नव्हतं — मला विचाराल तर ते सगळ्यांत भयंकर होतं. तो शांत होता आणि सारखा आपल्या पायांकडे बघत होता. पँट ओली झाली होती, आणि ते त्याला समजलंसुद्धा नव्हतं. एका पोराच्या हातातला टॉवेल घेऊन मी ते झाकलं. गाडी काढायला लावली आणि सोलापूरला पाठवलं. धावपळ चांगली केली मी. सगळे म्हणाले, मॅडम होत्या म्हणून वेळेत गेला.

संध्याकाळी सोलापूरहून सर्जनचा फोन आला. त्यांनी विचारलं, आधी तपासलं होतंत ना, तेव्हा पायात अशक्तपणा होता का? मी म्हटलं, नाही. अंगठा? अंगठाही चांगला होता. खरं सांगितलं असतं तर शस्त्रक्रियेत काही फरक पडला असता का, मला माहीत नाही. मी खरं सांगितलं नाही, एवढं माहीत आहे.

कारखान्यातही विचारणा झाली. तुम्ही योग्य म्हणून लिहिलं आणि लगेच हे कसं? तेव्हा मी काय केलं सांगू? मी देवीला पुढं केलं. म्हटलं, मंगळवारी तुळजापुरात दंडवतं घालत होता, साहेबांनी आणि मी दोघांनी बघितलं. त्या पडण्याउठण्यानं मणका सरकला असणार. साहेबांनी मान डोलावली. सगळ्यांना पटलं. ह्याच मुलखात पटावं असं कारण होतं ते — कारखान्याचं काही नाही, डॉक्टरचं काही नाही, नवसानं झालं. त्यामुळं कारखान्याकडून जी भरपाई मिळायला हवी होती तीही त्याला मिळाली नाही. आठवडाभरात जळकोटात पोरासोरांच्या तोंडी हेच होतं.

शस्त्रक्रिया झाली. पाय आले नाहीत. लघवीची नळी आणि पिशवी कायमची लागली.

मी नोकरी सोडली. लोकांना वाटलं स्वतःचा दवाखाना काढायचा म्हणून. जळकोटला जायला मला वर्ष लागलं. नळदुर्गाहून किती लांब आहे हो ते? रस्त्यावरच आहे. तरी वर्ष लागलं.

लिंबराज बाजेवर होता. मला बघून उठायची धडपड करायला लागला — कंबरेवरचा भाग तेवढा हलला. “बाई आल्या,” म्हणाला, “शालन, च्या टाक.” शालन म्हणजे त्याची बायको. बारीक अंगाची, माझ्याच वयाची. चहा ठेवता ठेवता तिनं मला ते सगळं सांगितलं, जे तिच्या नवऱ्याला मी त्या दिवशी सांगू दिलं नव्हतं.

नवस तिनं बोलला होता. ह्यांची कंबर बरी कर, तुझ्या दारी दंडवत घालायला लावते, म्हणून. आणि कंबर बरी व्हायची वाट न बघता तिनंच त्याला नेलं, नवरात्र निघून जाईल म्हणून. “एकट्याला कुठं जमतंय ते,” ती म्हणाली. “पडायचं तेवढं ह्ये पडलं. उटताना दर टायमाला म्या हिकडनं अन् माज्या भावानं तिकडनं काखंत हात घालून उबं केलं. शेवटाला तर नुसतं धरूनच न्हेलं. देवीआईला ते पटलं न्हाय. उसनं दंडवत कुटं चालतंय व्हय? माज्या नवसानं त्येंचं पाय गेलं.”

घरातून सासूचा आवाज आला — हिनंच वाटोळं केलं माझ्या लेकाचं. शालननं मान खाली घातली. तिला त्याची सवय झालेली दिसत होती.

काखेत हात घालून उठवतात. मी तुळजापूरची मुलगी. परकराच्या वयापासून बघत आले मी ते — म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, अधू माणसांना घरचे दोन्ही बाजूंनी धरून दंडवत घालायला लावतात. ज्याला उठवत नाही तोच तर जास्त करून तिथं येतो. हे मला शिकायला लागलं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र मला ते आठवलं नाही. की आठवू दिलं नाही?

शालननं मला सरळ विचारलं. म्हणाली, “तुमी शिकल्याल्या हाव. आईचा कोप आसतो का आसा?”

एक वाक्य पुरलं असतं. शालनताई, नवसानं नाही, मी लिहिलं म्हणून झालं. तिच्या सासूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी कपातला चहा संपवला आणि म्हटलं, “कुणास ठाऊक हो. मनाला लावून घेऊ नका.” मी ते बोलले तेव्हा लिंबराज छताकडे बघत होता. निघताना त्यानं दोन्ही हात जोडले.

त्याला बरीच वर्षं झाली. मी परत गेले नाही. फळं पाठवली, नळ्या पाठवल्या, दुसऱ्याच्या हातून. शालनला वाटतं मी देवमाणूस आहे. एकदा निरोप आला होता तसा. तो निरोप ऐकून मी दिवसभर पेशंट तपासले आणि जेवलेसुद्धा. माणूस काय काय पचवतो!

आणि आता गेल्या महिन्यातलं. तेवढं सांगितलं की संपलं.

दुपारी दवाखान्यात शालन आली. भिंतीला धरून, एका अंगाला कलून. केस पांढरे झालेत. म्हणाली, कंबरेतनं कळ निघून पार पायात जाते. काय उचलता, मी विचारलं. विचारायची गरज होती का? “त्येंनाच की,” म्हणाली. बाजेवरून खाली, खालून बाजेवर, न्हाणीत, परत आत. मी म्हटलं, वजन उचलणं बंद करावं लागेल. ती हसली. थट्टेनं नाही, खरंच हसू आलं तिला. “मग त्येंना कोन उचलंल?”

मी तिला झोपवलं आणि उजव्या पायाचा अंगठा धरला. वर ओढा, म्हटलं. एका बोटानं दाबला. तो खाली आला.

ह्या वेळी मी खरं सांगितलं — अंगठ्यात जोर नाही, शीर दबली आहे, सोलापूरला जा, आजच जा. चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. ती झोपल्या जागेवरून आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिला त्यात काहीतरी दिसलं असावं. कारण ती एकदम म्हणाली, “बाई, ह्येंचा बी तवा आसाच व्हता का?”

तिचा पाय अजून माझ्या हातात होता. बाहेर कुणी पेशंट नव्हता. कँटीन नव्हतं, अधिकारी नव्हते. हसणारं कुणी नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “त्यांचा चांगला होता.”

तिनं मान हलवली. “मग माज्या नवसानंच,” म्हणाली. टेबलावरून हळूहळू उतरली, पदर सारखा केला, आणि पायरीवर निसटलेली चप्पल हातात घेऊन रिक्षाकडे गेली.